पेढीवरचा संगणक आणि रुमालाखालची भाषा

दिवाळी जवळ आली होती. पेढ्यांवर चोपडापूजनाची आणि वीर निर्वाण संवत २५५२ च्या स्वागताची तयारी सुरू होती. त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. आधार थांबला म्हणून संगणक बंद पडला नाही. तो सकाळी पूर्वीसारखाच सुरू होतो, बिले काढतो, जीएसटीचे विवरणपत्र भरतो. मात्र त्या प्रणालीत उघडकीस येणाऱ्या नव्या त्रुटी बुजवण्याचे काम कंपनी यापुढे नेहमीप्रमाणे करणार नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. विंडोज ११ वर जावे, तर तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. त्यापूर्वी घेतलेला संगणक कितीही धडधाकट असो, कंपनीच्या हिशेबी तो निवृत्त झाला. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदतीची सोय आहे. पण मुदतवाढ म्हणजे कर्जफेड नव्हे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

अशा वेळी अनेक घरांत एक संवाद घडतो. अभियांत्रिकीला शिकणारा पुतण्या म्हणतो, ‘‘काका, नवा संगणक कशाला? यावर लिनक्स टाकू. फुकट आहे, जलद आहे, व्हायरसचा त्रासही कमी.’’ काका कपाळाला आठ्या घालून विचारतात, ‘‘आपला प्रिंटर चालेल का त्यावर? वजनकाटा चालेल? सहीचे टोकन?’’ पुतण्याला हा प्रश्न जुन्या वळणाचा वाटतो. वास्तविक लिनक्सविषयी विचारता येण्याजोगा सर्वांत योग्य प्रश्न तोच आहे. गेली तीन दशके या प्रणालीचे अभ्यासक ज्या प्रश्नाशी झुंजत आले, तो हाच. त्याचे नाव आहे ‘ड्रायव्हर’.

संगणकाच्या परिभाषेत ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. प्रिंटर, स्कॅनर, वाय-फायची चिप, वजनकाट्याची केबल यांपैकी प्रत्येकाची भाषा निराळी. मुख्य प्रणालीला त्या सगळ्या भाषा जन्मतः येत नाहीत. प्रत्येक उपकरणासाठी एक लहानसा प्रोग्राम लागतो, जो ‘हे पान छाप’ या आज्ञेचे त्या उपकरणाला कळेल अशा संकेतांत रूपांतर करतो. ती भाषा उत्पादकाने जाहीर केली असेल, तर दुभाष्या कोणीही घडवू शकतो. जाहीर केली नसेल, तर उत्पादक देईल तोच दुभाष्या, आणि तो देईल तितकीच वर्षे.

बाजार समित्यांत पूर्वी रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवत. हत्ता पद्धत म्हणत तिला. शेतकरी समोर उभा असे, माल त्याचाच असे, परंतु रुमालाखाली काय बोलणे झाले ते त्याला कळत नसे. ही पद्धत बंद व्हावी म्हणून कायदे करावे लागले. आपल्या दुकानातल्या बहुतेक उपकरणांचे बोलणे आजही रुमालाखालीच चालते. यंत्राची किंमत ग्राहक मोजतो, पण संगणक आणि यंत्र आपसांत काय बोलतात ते केवळ उत्पादकाला ठाऊक असते.

लिनक्सच्या चळवळीचे एक मूळ अशाच एका रुमालाखाली, तेही एका प्रिंटरपाशी सापडते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर प्रिंटर मिळाला. प्रिंटर एका मजल्यावर, वापरणारे दुसऱ्या मजल्यांवर. कागद अडकला की कोणाला पत्ता लागत नसे. माणूस खाली येऊन पाही, तो यंत्र तासभर थबकलेले. आधीच्या प्रिंटरच्या बाबतीत तेथील रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने यावर तोड काढली होती. प्रोग्रामचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो हाताशी असल्याने कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना उमटेल अशी दुरुस्ती त्याने केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र मिळाला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका व्यक्तीकडे तो आहे असे कळल्यावर स्टॉलमनने तेथे जाऊन मागितला. गुप्ततेचा करार झालेला असल्याने त्या व्यक्तीने नकार दिला. दुरुस्ती किरकोळ होती, करणारा तयार होता, मोबदला कोणी मागत नव्हते. तरीही ती होऊ शकली नाही. १९८३ मध्ये स्टॉलमनने ‘जीएनयू’ हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचे परवानापत्र, जीपीएल, प्रसिद्ध झाले. परवान्याचा आशय एवढाच: प्रोग्राम वापरा, बदला, वाटा, हवे तर विका; पण ज्याला द्याल त्याला मूळ मजकूरही द्या.

‘हवे तर विका’ हे शब्द आपल्या वाचकांनी दुर्लक्षू नयेत. ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा करण्याची चूक पुतण्याप्रमाणे पुष्कळजण करतात. रेड हॅट ही कंपनी लिनक्सची सेवा पुरवूनच मोठी झाली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

त्या प्रणालीचा गाभा आला फिनलंडहून. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच निवेदनात त्याने एक कबुली दिली होती: आपल्याकडे आहे त्या प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही ही प्रणाली बहुधा कधीच चालवणार नाही, कारण आपल्यापाशी तेवढेच आहे. हे भाकीत जितके विनम्र, तितकेच चुकीचे ठरले. आज लिनक्सच्या गाभ्याचा मजकूर सुमारे चार कोटी ओळींचा आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनी व्यापला आहे. कोणाकडे एखादे नेटवर्क कार्ड होते, कोणाकडे टीव्ही ट्यूनर. ज्याने त्याने आपल्या यंत्रापुरता दुभाष्या लिहिला आणि सामाईक कोठारात ठेवला. आज मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंतेही यात आहेत; किंबहुना बहुतांश काम आता त्यांच्याच हातून होते. २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ विकसकाने जाहीर केले, की कोणत्याही कंपनीने आपल्या उपकरणाची माहिती द्यावी, ड्रायव्हर विनामूल्य लिहून मिळेल. शेकडो स्वयंसेवकांनी नावे दिली. पुढे अनुभव असा आला, की काम कमी आणि हात जास्त.

विंडोजच्या जगात ड्रायव्हर सहसा उत्पादक लिहितो आणि तोच सांभाळतो. नवे मॉडेल विकायचे असले की जुन्याकडे लक्ष देण्यात त्याला स्वारस्य उरत नाही. लिनक्समध्ये स्वीकारलेला ड्रायव्हर गाभ्याचाच भाग होतो. गाभा बदलला की जो बदल करतो त्यानेच जुने ड्रायव्हर जुळवून द्यावेत असा तेथील रिवाज आहे. त्यामुळे उत्पादकाने ज्यांच्याकडे पाठ फिरवली, अशी कितीतरी जुनी यंत्रे तेथे सुखाने नांदतात. आपल्या समाजाला याची कल्पना यायला लांबचा दाखला नको. गावोगावची पांजरपोळ याच विचारावर उभी आहे.

पांजरपोळीलाही सांभाळणारा लागतो, हेही खरेच. जुन्या फ्लॉपी डिस्कचा ड्रायव्हर २०१९ मध्ये ‘अनाथ’ म्हणून नोंदवावा लागला, कारण ज्याच्याकडे जबाबदारी होती त्याच्यापाशीच चालू स्थितीतील फ्लॉपी ड्राइव्ह उरला नव्हता. नंतर दुसऱ्या एका स्वयंसेवकाने तो पत्करला. आणि ज्या ३८६ प्रोसेसरवर टोरवाल्ड्सने ही प्रणाली पहिल्यांदा लिहिली, त्याचा आधार २०१२ च्या अखेरीस त्यानेच काढून टाकला, तोही विशेष हळहळ न दाखवता. काहीच कायमचे टिकत नाही. पण एकवीस वर्षे आणि सात-आठ वर्षे यांत फरक आहे.

व्यापाऱ्याला अधिक जवळची वाटेल अशी हकिकत २०१४ ची. दुकानातील वजनकाटा, जुना बिल-प्रिंटर अशी यंत्रे संगणकाच्या यूएसबी खाचेला जोडायची तर मध्ये एक बारीक चिप लागते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील एफटीडीआय या कंपनीच्या अशा चिपा जगभर नावाजलेल्या. नावाजलेल्या मालाची नक्कल होतेच. या चिपांचीही सर्रास झाली. हुबेहूब तसेच बाह्यरूप, तेच नाव, तोच ओळख-क्रमांक. केबल बनवणाऱ्या छोट्या कारखानदारालाही पुष्कळदा ठाऊक नसे, की आपल्याला मिळाला तो माल बनावट आहे. मग तीन-चार हातांतून फिरून आलेली केबल घेणाऱ्या दुकानदाराला ते कळावे कसे?

कंपनीचा संताप रास्त होता, पण उपाय तिने विलक्षण योजला. विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणाबरोबर तिचा नवा ड्रायव्हर लोकांच्या संगणकांत शिरला. समोरची चिप बनावट आढळली की तो तिच्या स्मृतीतील ओळख-क्रमांक पुसून तेथे शून्य लिहीत असे. काल चालणारी केबल आज निर्जीव. दुसऱ्या संगणकाला जोडली तरी निर्जीवच, कारण बदल प्रत्यक्ष चिपमध्ये झालेला. गदारोळ उठला, तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पुढे २०१६ मध्ये कंपनीने सौम्य मार्ग धरला: बनावट चिप असेल तर माहितीऐवजी ‘उपकरण अस्सल नाही’ अशा अर्थाची अक्षरे पाठवायची. वजनाच्या जागी पडद्यावर अशी अक्षरे उमटली तर दुकानदाराने काय करावे, हा प्रश्न बहुधा कोणी केला नसावा.

लिनक्सच्या मंडळींनी त्या वेळी काय केले? त्यांच्या ड्रायव्हरमध्ये ओळखीच्या क्रमांकांची एक यादी असते. तीत त्यांनी एका ओळीची भर घातली: शून्य क्रमांकाचे उपकरणही ओळखावे. त्या नोंदीचे नाव त्यांनी ‘ब्रिक’, म्हणजे वीट, असे ठेवले. निकामी झालेल्या यंत्राला त्या वर्तुळात वीटच म्हणतात. विंडोजने मारलेली केबल लिनक्सवर पुन्हा बोलू लागली.

येथे एक विचार आपल्या परंपरेच्या अंगाने करावासा वाटतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी वजने-मापे वापरणे त्यांत आहे, चोरीचा माल घेणे आहे, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे, हेही आहे. बनावट चिप विकणारा या दोषातून सुटत नाही, आणि लिनक्सची ती एक ओळ म्हणजे त्या विक्रेत्याला प्रमाणपत्र नव्हे. तिने वाचवला तो अजाण ग्राहक. परंतु हाच अतिचार आपल्या पेढीवरच्या संगणकात डोकावून पाहतो तेव्हा अडचण होते. किती दुकानांत विंडोजची आणि हिशेबाच्या प्रोग्रामची प्रत रीतसर खरेदी केलेली आहे? ‘संगणकवाल्याने टाकून दिले’ असे उत्तर सहज येते. वजनात गुंजभर खोट न करणारी, चातुर्मासात नियम पाळणारी माणसेही या एका बाबतीत डोळेझाक करतात. चोरीच्या प्रतीवर कुलूप तोडण्याचा जो ‘क्रॅक’ लागतो, त्याबरोबर काय काय आत येते, हा सुरक्षेचा प्रश्न वेगळाच. ज्यांना रीतसर परवान्याचा खर्च पेलत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा निर्दोष मार्ग आहे. तेथे प्रत काढून शेजाऱ्याला देणे हा अपराध नाही. परवान्यानेच तशी मुभा दिलेली आहे.

लिनक्सप्रेमी मंडळींचे सगळेच गोड मानावे असेही नाही. त्यांची जीभ फार दिवस तिखट होती. ग्राफिक्स कार्ड बनवणारी एनव्हिडिया कंपनी आपल्या यंत्रांची भाषा उघड करीत नसे. स्वयंसेवकांनी ‘नूव्हो’ नावाचा ड्रायव्हर यंत्राचे वर्तन बाहेरून न्याहाळून, अंदाजाने बांधत आणला होता. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील व्याख्यानात यावर प्रश्न आला, तेव्हा टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे पाहून त्या कंपनीला उद्देशून अशोभनीय खूण केली. तरुणांना ती चित्रफीत फार आवडते. कंपनी बधली ती दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, जेव्हा तिने नव्या कार्डांच्या ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडला जाणारा भाग खुला केला. आणि त्याचे श्रेय त्या खुणेपेक्षा मोठमोठ्या गणनकेंद्रांतील लिनक्सच्या वापराला देणे अधिक योग्य होईल. सहकाऱ्यांशीही टोरवाल्ड्स असाच कठोर बोले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी मात्र त्याने आपल्या वागण्याने दुखावलेल्यांची जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे काम सोडून तो बाजूला झाला. त्या दिवसांत इकडे दशलक्षण पर्व चालू होते. हा निव्वळ योगायोग, पण नोंदवण्यासारखा.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांचा प्रिंटर जुना डॉट मॅट्रिक्स असेल, तर चिंता नाही. एप्सनने घडवलेली ईएससी/पी ही सोपी आज्ञाभाषा सर्वज्ञात आहे आणि इतर अनेक उत्पादकांनी तीच उचलली. गल्ल्याजवळचा बारकोड वाचणारा स्कॅनर तर संगणकाला कीबोर्ड भासतो; त्याला वेगळा दुभाष्या सहसा लागतच नाही. अलीकडचे नेटवर्कवर चालणारे प्रिंटर बव्हंशी प्रमाणित भाषा बोलतात. गाठ पडते ती मधल्या पिढीशी. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर आपल्याकडे अक्षरशः प्रत्येक दुसऱ्या पेढीवर दिसतो. किमतीला स्वस्त, टिकायला चिवट. तो स्वस्त असण्याचे एक कारण असे, की पानाची आखणी तो स्वतः करीत नाही. ते काम संगणकाकडून करवून घेतो, आणि त्यासाठी कॅप्ट नावाची कॅननची खासगी भाषा वापरतो. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला खरा, पण तो जुन्या धाटणीचा. आजच्या प्रणालींवर तो बसवणे हे जिकिरीचे काम. काही हौशी जाणकारांनी ती भाषा उकलून स्वतंत्र ड्रायव्हर लिहिला आहे. तो पुष्कळांकडे चालतो, पण पुतण्याला एखादी रात्र जागावी लागेल हे गृहीत धरावे.

याहून मोठा अडसर हिशेबाच्या प्रोग्रामचा. टॅली विंडोजसाठी घडवलेली आहे. जिच्यावर सारा कारभार टॅलीत आहे अशा पेढीने तो संगणक उगाच हलवू नये. त्याच्यासाठी रीतसर परवान्याची नवी व्यवस्था करावी. जीएसटी आणि बँकांची संकेतस्थळे ब्राउझरमधून लिनक्सवर उघडतात, पण डिजिटल सहीच्या टोकनला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो लिनक्ससाठी उपलब्ध आहे का, हे टोकन घेतानाच विक्रेत्याला विचारावे. पेढीवरील इतर यंत्रे, म्हणजे पत्रव्यवहाराचा संगणक, गोदामातील नोंदींचा, घरातील मुलांच्या अभ्यासाचा, ही मात्र निःशंकपणे या मार्गाने नेता येतात. केरळमधील सरकारी आणि अनुदानित शाळांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. तेथील मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. आपल्या मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमात अशा मुक्त प्रोग्रामांचे धडे मराठीतूनही विनामूल्य दिले आहेत. काकांनाही ते जड जाऊ नयेत.

करून पाहण्याची रीत सोपी आहे. लिनक्स मिंटसारखी एखादी प्रणाली आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला, की आतल्या हार्ड डिस्कला हात न लावता सारी प्रणाली समोर उभी राहते. किमान दोन जीबी मेमरी तिला लागते, चार असल्यास बरे. मग प्रिंटर जोडून एक पान छापून पाहावे, काट्यावर किलोचे वजन ठेवून आकडा उमटतो का ते पाहावे, वाय-फाय लागते का, बँकेचे संकेतस्थळ उघडते का ते तपासावे. जे चालले नाही त्याचे नेमके मॉडेल कागदावर टिपून ठेवावे. मदत मागताना तेच प्रथम विचारले जाते. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला, की विंडोज जशीच्या तशी.

मन पक्के झाल्यावरही दोन पथ्ये पाळावीत. हिशेबाच्या साऱ्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून, त्यांतील एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज जुनी डिस्क पुसू नये. आणि हा उद्योग मार्चमध्ये करू नये. वर्षअखेरीचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेची स्टॉक स्टेटमेंट वेळेवर जाऊ द्यावीत. एप्रिलमधला एखादा रविवार, दुकान बंद असताना आणि पुतण्या सुट्टीवर घरी आलेला असताना, या कामाला योग्य.